शिल्फिंगन जाळणारा जीनगर

लिओनहार्ट झाप्फ हा माणूस दर वर्षी जूनमधल्या एका रविवारी शिल्फिंगन गाव जाळून टाकायला निघायचा आणि दर वर्षी एका दाढेपायी ते राहून जायचं. उरलेलं वर्षभर तो जीनगर होता. आधी घोड्यांची खोगिरं शिवली, घोडे गेल्यावर सोफे शिवले, आणि शेवटी शेवटी ट्रॅक्टरच्या फाटक्या सीटसुद्धा शिवल्या. गावात त्याला लिओनहार्ट कोणी म्हणत नसे, हार्टल म्हणत. जाळपोळीच्या दिवशी मात्र तो कर्नलसाहेब असायचा.

आता हार्टलचं दुखणं समजायचं तर शिल्फिंगन कसं वसलंय ते ठाऊक हवं. लाउट नदी सरळ चाललेली असते आणि इथे येऊन अशी गर्रकन वळते, जणू घरी काहीतरी विसरलंय. त्या वळणाच्या कुशीत टेकडी, टेकडीवर गाव, गावाभोवती भिंत, आणि भिंतीभोवती पूर्वी नुसती दलदल आणि लव्हाळी. पूल एकच. पुलाच्या टेकडीकडच्या बाजूला ‘आत’ म्हणतात. दुसऱ्या बाजूच्या वस्तीला चांगलं नाव आहे, नकाशात छापलेलं आहे, पण ते घ्यायची पद्धत नाही. तिला सगळे ‘पलीकडं’ म्हणतात. कातडी कमावणाऱ्यांचा वास सोसेना म्हणून आतल्यांनी त्यांना फार पूर्वी पुलापार काढलं. त्यांच्यामागोमाग खाटीक, गाडीवान, नालबंद आणि जीनगर गेले. तो वास जाऊनही आता जमाना झाला. तरी आतल्या काही बायका ‘जरा पलीकडं जाऊन येते’ म्हणताना अजून पर्समध्ये रुमाल आहे ना ते बघून घेतात.

भिंतीचा आतल्यांना कोण अभिमान! पूर्वजांनी प्राणपणाने जपली, असं शाळेत शिकवतात. खरी गोष्ट अशी की, बाकीची गावं आपापल्या भिंती पाडून ऐसपैस रस्ते करत होती तेव्हा शिल्फिंगनकडे भिंत पाडण्याइतकीसुद्धा ऐपत नव्हती. दलदल नको म्हणून रेल्वे लांबून गेली, तिच्या मागे बाजार गेला, आणि गावाकडे तेवढी भिंत राहिली. आता तीच बघायला बसगाड्या भरून माणसं येतात आणि आतले लोक तिच्याशेजारी असे उभे राहतात, जणू परवाच स्वतः चुना कालवला होता.

दाढेची गोष्ट अशी. तीस वर्षांच्या त्या जुन्या युद्धात स्वीडनची फौज शिल्फिंगनसमोर येऊन ठाकली. कर्नलने तीनदा हाक दिली, की दार उघडा नाहीतर गाव पेटवतो. गावाची पाचावर धारण बसली. पण कर्नलची दाढ ठणकत होती, हे गावच्या न्हाव्याने त्याच्या तोंडावरून ओळखलं. तो चिमटा घेऊन एकटा बाहेर गेला, त्याने दाढ उपटली, कर्नल बोंबलला, मग हसला, आणि फौज घेऊन निघून गेला. हे खरंच घडलं का, हे शिल्फिंगनमध्ये विचारायचं नसतं. एका मास्तरांनी एकदा भाषणात सांगून टाकलं, की फौज बहुधा दलदलीत वाट चुकली असेल, रात्रभर चिखलात बसली असेल आणि उजाडल्यावर वैतागून पुढे गेली असेल. त्या मास्तरांना पुन्हा भाषणाला कोणी बोलावलं नाही.

या गोष्टीचा खेळ दर वर्षी होतो, भिंतीसमोरच्या कुरणात, सगळं गाव मिळून. आतले लोक गावकरी होतात आणि पलीकडचे स्वीडवाले. असं का, तर खेळ सुरू झाला तेव्हा घोडे पलीकडच्यांकडे होते आणि घोड्यांवाचून स्वीडवाले कसले? पुढे घोडे गेले, नियम राहिला. आतल्यांच्या भूमिका तर घराण्यात चालत येतात. औषधवाले सायबोल्ट पिढ्यान् पिढ्या नगराध्यक्ष, बेकरीवाले लोबमायर पिढ्यान् पिढ्या न्हावी. नुसतं भिंतीवर उभं राहायचं म्हटलं तरी कोणत्या घरच्या बाईने कुठल्या झरोक्यात उभं राहायचं ते ठरलेलं. आणि जो पूल ओलांडून पलीकडं राहायला गेला त्याची भिंत गेली. मग तो कोणाचाही कोण असो.

बुर्गीची भिंत अशीच गेली होती. बुर्गी म्हणजे हार्टलची बायको. टपाल कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, पक्की आतली. वेशीच्या डाव्या अंगाचा, जिथे भिंतीतून चिमण्यांची घरटी दिसतात तो झरोका तिच्या आईचा आणि आईच्या आईचा. वेढ्यात असूनही आमच्याकडे खायला रग्गड आहे, हे शत्रूला दाखवायला वरून ब्रेत्झेल, म्हणजे गाठ मारलेले खारे पाव, फेकायची रीत आहे. बुर्गी लहानपणापासून टोपली घेऊन तिथे उभी राहायची आणि नेम धरून फेकायची.

एका वर्षी ऐन वेळी जुन्या कर्नलचा घसा बसला. मागच्या रांगेतून एका पोरगेल्या शिपायाला पुढे ढकललं आणि हाक त्याला द्यायला लावली. तो हार्टल. त्याचा आवाज असा निघाला की वेशीवरची कबुतरं उडाली. भिंतीवर क्षणभर कोणाला उलट ओरडायचं सुचेना. मग वरून एक ब्रेत्झेल आलं आणि हार्टलच्या नाकावर बसलं. त्याने ते उचललं, झटकलं आणि सगळ्या फौजेसमोर खाल्लं. पुढल्या वर्षीपासून तोच कर्नल झाला आणि त्याच्या पुढल्या वर्षी बुर्गीशी त्याचं लग्न झालं. तिच्या बापाने लग्नाआधी तिला बजावलं होतं, की पूल ओलांडलास की भिंत विसरायची. ती हसत हसत पूल ओलांडून आली. पुढच्या जूनमध्ये ती स्वीडवाल्यांच्या छावणीत भल्या मोठ्या कढईत मांसाचा रस्सा ढवळत होती.

बुर्गीने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. छावणीत ती रमली, पलीकडच्या बायका तिच्या जिवाभावाच्या झाल्या, तिच्या हातच्या रश्श्याची आतलेसुद्धा लपूनछपून वाट बघायचे. पण नगारा थांबला की ती हातातला डाव तसाच धरून मान वर करायची आणि त्या झरोक्याकडे बघत राहायची. हाक देऊन झाल्यावर हार्टल घोडा वळवायचा तेव्हा दर वर्षी ते बघणं त्याच्या नजरेला पडायचं. आपल्यापायी हिची भिंत गेली, हा काटा त्याच्या मनात रुतून बसला. एक दिवस हिला तिथे परत उभी करीन, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. बोलला मात्र कधी नाही. सोफे शिवणारा माणूस, बोलण्याआधी टाके घालतो.

ते साधायला त्याचं म्हातारपण यावं लागलं. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्याने दुकान पुतण्याला, टोबियासला, देऊन टाकलं. त्याच सुमारास आत, मिठाच्या जुन्या कोठाराच्या वर दोन खोल्या रिकाम्या झाल्याचं त्याला कळलं. त्याने गाजावाजा न करता त्या घेतल्या आणि एका दुपारी कॉफी आणि आलुबुखारचा केक पुढ्यात असताना बुर्गीला सांगितलं, की आपण आत राहायला चाललोय आणि जूनमध्ये तू तुझ्या झरोक्यात उभी राहायची आहेस.

बुर्गीने चमचा खाली ठेवला.

“आणि तू?”

“मीपण. तुझ्या शेजारी. आता आपण आतले.”

ती बराच वेळ कॉफी ढवळत बसली. साखर ती कधी घालतच नसे. आनंदाने हिचे शब्द आटले, असा हार्टलने समज करून घेतला आणि केकचा दुसरा तुकडा वाढून घेतला.

झरोका मिळवायला सायबोल्टकडे जावं लागलं. रोडेरिख सायबोल्ट खोकल्याचं औषध देतानासुद्धा गावाला उद्देशून बोलल्यासारखं बोलतो. नियमाला मात्र तो पक्का. आत राहता म्हणजे भिंत तुमची, तुमच्या बायकोचा झरोकाही योगायोगाने रिकामा आहे, असं त्याने लगेच मान्य केलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाला, “पण एक अट आहे, झाप्फ. आजवर तुम्ही या गावाला पोटभर धमक्या दिल्यात. आता भिंतीवर तोंड उघडायचं नाही. रुमाल हलवायचा, गप्प राहायचं.”

हार्टलने ताबडतोब कबूल केलं. गप्प राहण्यात काय अवघड आहे, असं त्याला वाटलं.

पलीकडं बातमी पोचली तेव्हा लोकांनी त्याची भरपूर फिरकी घेतली. बिअरच्या टेबलावर कोणी विचारलं, की आता आमच्याशी बोलताना नाकाला रुमाल लावणार का? कोणी म्हणालं, निदान पूल ओलांडताना ओळख दाखव. हार्टल हसून वेळ मारून नेत होता, पण खरी काळजी वेगळीच होती. कर्नल आता टोबियास होणार होता. टोबियास स्वभावाने सोनं. हातात कसब, घरी दोन गोड मुली, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण गळ्यात आवाज म्हणून नाही. गिऱ्हाइकाला ‘या’ म्हटलं तरी ते आलेलं गिऱ्हाईक मागे वळून बघायचं, कोणी बोललं का म्हणून. हार्टलने त्याला वसंतभर नदीकाठी नेऊन तालीम दिली. शेवटी शेवटी बदकं मान वळवायला लागली, तेव्हा त्याने समाधान मानलं.

“काका, माझ्याने नाही होणार,” टोबियास एकदा म्हणाला.

“होईल रे. पोटातून काढ. गाव जाळायचंय असं खरंच वाटलं पाहिजे.”

“पण मला नाही वाटत जाळावंसं. सासूबाई राहतात आत.”

“मग तर सोपं आहे,” हार्टल म्हणाला.

खेळाचा रविवार लख्ख उजाडला. हार्टलने गावकऱ्याचा काळा अंगरखा चढवला. पांढरी कॉलर मानेला अशी टोचत होती की एवढी वर्षं आतल्यांचे चेहरे खेळात का त्रासलेले दिसत ते त्याला उमगलं. बुर्गीने आईचा निळा झगा घातला, डोक्याला रुमाल बांधला, टोपली घेतली आणि पायऱ्या चढून आपल्या झरोक्यात जाऊन उभी राहिली. चिमण्यांच्या घरट्यांतून चिवचिवाट चालला होता. हार्टल तिच्याकडे बघून मनोमन इतका सुखावला, की आता गुडघे राहिले काय आणि गेले काय, असं त्याला झालं. साठीतली बुर्गी त्याला थेट विशीतली दिसत होती.

“कसं वाटतंय?” त्याने विचारलं.

“वारा छान आहे,” ती म्हणाली.

मग त्याने स्वतः खाली पाहिलं. खेळ वरून कसा दिसतो हे त्याने आयुष्यात बघितलं नव्हतं. समोर नदीचं वळण, एकुलता पूल, दलदल आटून झालेलं कुरण, त्यात उतरलेले दोन करकोचे. पलीकडं त्याच्या जुन्या दुकानाचं लाल छप्पर. आणि कुरणात त्याची फौज, म्हणजे आता टोबियासची. ती एवढीशी दिसत होती. ह्या मूठभर माणसांना आपण घाबरायचं, या विचाराने त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं. अपमान कोणाचा, ते त्याने तपासलं नाही. खालून रश्श्याचा वास वर आला. हार्टलच्या नाकाने तो ओळखला आणि त्यात मिरे कमी पडलेत हेही ओळखलं.

नगारा वाजला. टोबियासने भाड्याची घोडी पुढे घातली, टोपी सावरली आणि पहिली हाक दिली. ती निम्म्या वाटेत विरली. रीतीप्रमाणे भिंतीवरून हुर्यो उडाली, ब्रेत्झेल पडली, बुर्गीनेही दोन फेकली. पण तिचा नेम चुकला की तिने नेम धरलाच नव्हता, कोण जाणे. दुसऱ्या हाकेला टोबियासचा आवाज मध्येच चिरकला. आता भिंतीवर जे हसू फुटलं ते खेळातलं नव्हतं. झरोक्या-झरोक्यातून लोक पोट धरून हसत होते. एक बाई म्हणाली, हा गाव जाळणार नाही, फार तर काडेपेटी मागेल.

खेळात दुसऱ्या हाकेनंतर मोठा प्रवेश आहे. नगराध्यक्ष गावाला उद्देशून भाषण करतो, पंच भांडतात, बायका प्रार्थना म्हणतात, न्हाव्याची मनधरणी होते. यात निवांत अर्धा तास जातो. म्हणून बेकर लोबमायर या वेळी दुकानाच्या मागच्या खोलीत बूट काढून कॉफी पीत बसतो. नंतर तिसरी हाक येते, दार उघडतं, आणि चिमटा घेऊन न्हावी बाहेर जातो. दाराचा अडसर ओढायला कमानीखाली किलियान ओट असतो. जाड लाकडी दाराआड त्याला बाहेरचं काही दिसत नाही. पण त्याची कधी चूक झाली नव्हती, कारण तिसऱ्या हाकेचे शब्द वेगळे असतात आणि ते शब्द म्हणणारा आवाज ऐकतच तो म्हातारा झाला होता.

सायबोल्टने भाषणासाठी घसा साफ केला. खाली टोबियास मान घालून घोडीवर बसला होता, त्याच्या मागे सगळं पलीकडं मान खाली घालून उभं होतं, आणि भिंत हसत होती. हार्टलचे कान तापले. कॉलर आवळल्यासारखी झाली. नंतर त्याने शपथेवर सांगितलं, की तोंड उघडायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. ते आपणच उघडलं.

“शिल्फिंगन, दार उघड, नाहीतर तुझ्या राखेत माझा घोडा लोळवीन!”

वेशीवरची कबुतरं उडाली. करकोचेही उडाले. सायबोल्टच्या हातातला भाषणाचा कागद कुरणात गेला. आणि कमानीखाली किलियान ओट उठला आणि त्याने अडसर ओढला.

दार सताड उघडलं. टोबियास हातानेच नको नको म्हणत होता, पण घोडी याच खेळात वाढलेली. दर वर्षी खेळ संपल्यावर तिला त्याच दारातून चौकात नेत, म्हणून दार उघडलं की आत गाजर मिळतं, एवढंच तिला माहीत. ती निघाली. कर्नल निघाला म्हणून फौज निघाली. कोणी अडवायचं, हे कोणाच्याच भूमिकेत नव्हतं. एवढी शतकं न पडलेलं शिल्फिंगन भर दुपारी, एकही गोळी न झाडता, स्वतःच्याच भिंतीवरून आलेल्या हुकमाने पडलं.

स्वीडवाले चौकात पोचले आणि तिथे त्यांची पंचाईत झाली. पुढे काय करायचं, कोणालाच ठाऊक नाही. जाळायचं का, असं एकाने हळूच विचारून पाहिलं. मग समोर सॉसेजची गाडी दिसली आणि फौज शिस्तीत रांगेत उभी राहिली. लोबमायर कसला गलका म्हणून बघायला आला, तो घरातल्या सपाता आणि हातात चिमटा अशा अवताराने. टोबियासने त्याला बघून सुटकेचा निःश्वास टाकला आणि आपण होऊन तोंड वासलं. सॉसेजच्या गाडीला टेकून खेळातली दाढ उपटली गेली. बसगाड्यांतून आलेल्या पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, खेळ असाच असतो.

भिंतीवर मात्र सायबोल्ट लालबुंद होऊन हार्टलसमोर उभा होता. एका अटीवर भिंत दिली होती, एकाच, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आता समितीत बघून घेतो म्हणून तो पायऱ्या उतरून गेला. हार्टलला त्याचं काही वाटलं नाही. त्याला बुर्गीकडे वळून बघायची हिंमत होत नव्हती. एवढ्या वर्षांनी तिची जागा तिला मिळवून दिली आणि अर्ध्या तासात आपल्याच तोंडाने घालवली.

वळून पाहिलं तर बुर्गी झरोक्याखालच्या दगडावर बसली होती. टोपली मांडीवर, रुमाल सुटलेला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. ती हसत होती. थांबायचा प्रयत्न करत होती आणि पुन्हा हसत होती.

“माझ्यामुळे तुझी भिंत गेली,” हार्टल म्हणाला. “दोनदा गेली.”

“कोणी सांगितलं तुला मला भिंत हवी होती?”

“मी बघायचो ना. नगारा थांबला की डाव हातात धरून तू या झरोक्याकडे बघत राहायचीस. दर वर्षी.”

बुर्गीने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू सोफ्याचं कापड उलटं लावलेलं आत्ता ध्यानात आलंय.

“बघत नव्हते, हार्टल. ऐकत होते. तू छावणीकडे पाठ करून हाक देतोस. तो आवाज भिंतीकडे जातो, आम्हाला मागे नुसता पुसट ऐकू येतो. मी इथे उभी होते तेव्हा तो सगळाच्या सगळा माझ्या अंगावर आला होता. त्या आवाजासाठी मी पूल ओलांडला, आणि ओलांडल्यावर तो तसा पुन्हा कधी ऐकायला मिळाला नाही. यंदा तू मला इथे आणलंस खरं, पण स्वतः येऊन शेजारी उभा राहिलास. खाली कोणीच नव्हतं.”

हार्टलने कॉलर सैल केली. एवढी वर्षं मनात काटा जपला, तो चुकीच्या जागी.

“आता ऐकलास ना आवाज?” तो म्हणाला.

“ऐकला. डाव्या कानाने अजून काही ऐकू येत नाहीये,” ती म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली.

समितीची बैठक तीन बिअरपर्यंत चालली. सायबोल्टने मागणी केली, की झाप्फ यांना भिंतीवर पाय ठेवायची कायमची बंदी करावी. हार्टल उभा राहून म्हणाला, मंजूर, आनंदाने मंजूर, मला पुन्हा कर्नल करा आणि बुर्गीला झरोक्यात राहू द्या. सायबोल्ट म्हणाला, ते कसं होईल, आत राहणारा माणूस स्वीडवाला होऊ शकत नाही. मग आतल्या-पलीकडल्यांचं असं भांडण जुंपलं, की खरा वेढा याहून शांत गेला असेल. टोबियास कोपऱ्यातून मला नगारा द्या, मला नगारा द्या, असं म्हणत होता. नेहमीप्रमाणे ते कोणाला ऐकू आलं नाही.

ऐकू आला तो किलियान ओट. तो बैठकीत कधी बोलत नसे.

“दार मी उघडतो,” तो म्हणाला. “हार्टलच्या आवाजाला उघडतो. दुसऱ्या कोणाच्या आवाजाला माझा हात अडसराकडे जातच नाही. बघा बुवा, काय करायचं ते.”

एवढं बोलून तो खाली बसला. लोबमायरनेही हात वर करून सांगितलं, की मला त्याच्याच दाढेची सवय आहे.

सगळ्यांनी सायबोल्टकडे पाहिलं. सायबोल्ट हट्टी आहे, पण वेढ्याच्या गोष्टीवर त्याचा जीव आहे. आपल्या हयातीत ते दार बंदच राहिलेलं त्याला परवडणारं नव्हतं. त्याने चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला. मग त्याने गावाला उद्देशून सांगितलं, की इतिहासाचा नीट विचार केला तर प्रत्येक वेढ्यात एखादा फितूर निघालेला आहे. तेव्हा शिल्फिंगनमध्येही तो असणारच, आजवर आपण त्याच्यावर अन्यायच केला. हा फितूर सकाळी गावातून हाकलला जाईल, पूल ओलांडून शत्रूला मिळेल आणि दुपारी कर्नल होऊन येईल. नियमही राहिला. टाळ्या पडल्या आणि चौथी बिअर आली.

आता हे सारं परंपरेत जमा झालं आहे. शाळेतली मुलं फितुराची गोष्ट पाठ म्हणून दाखवतात, आणि त्याला कुठल्या दारातून हाकललं होतं ते बसगाड्यांतल्या पाहुण्यांना बोट दाखवून सांगतात. त्या जुन्या मास्तरांनी ते ऐकलं तेव्हा ते म्हणे बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढच्या जूनमध्ये हार्टलला वाजतगाजत गावाबाहेर काढलं. आतल्या म्हाताऱ्यांनी त्याच्यावर कोबीची पानं फेकली, मुलांनी हुर्यो केली. तो ऐटीत पूल ओलांडून गेला. पलीकडं त्याच्यासाठी टोपी, तलवार आणि रश्श्याची वाटी तयार होती. मिरे कमी होते, ते त्याने स्वतः घातले. टोबियासने नगारा असा बडवला की या माणसाच्या अंगात एवढा आवाज होता कुठे, असं सगळ्यांना वाटलं. हार्टल घोडीवर बसून भिंतीसमोर आला. पहिली हाक झाली, दुसरी झाली, भाषण, भांडण, प्रार्थना सगळं यथासांग पार पडलं. मग त्याने मान वर केली. चिमण्यांच्या घरट्यांवरच्या झरोक्यात निळा झगा होता. खाली वाकून, दोन्ही हात दगडावर टेकून, ती वाट बघत होती.

त्याने पोटातून तिसरी हाक काढली. कबुतरं उडाली. दार उघडायच्या आधी वरून एक ब्रेत्झेल आलं आणि थेट त्याच्या नाकावर बसलं. आणि मग, खेळात कुठेही नसलेलं एक वाक्य भिंतीवरून खाली आलं.

“पुन्हा एकदा म्हण की.”

फौज थांबली, भिंत गप्प झाली. दाराआड किलियानने अडसरावर ठेवलेला हात काढून घेतला आणि तोही ऐकत उभा राहिला. कर्नलने ब्रेत्झेलचा घास गिळला, तोंड पुसलं, आणि पुन्हा एकदा, अख्ख्या गावासमोर, एका झरोक्याकडे बघून सांगितलं, की दार उघड.